व्हेस्टाचा दगड मानेगावच्या शिवारात

गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण आकाशाकडे वळवली, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. पण दुर्बिणीतून भारतात घेतलेला पहिला ज्ञात खगोलीय वेध तापीच्या मुखाशी घेतला गेला, हे खानदेशातही फार थोड्यांना ठाऊक आहे. जेरेमाया शेकर्ली हा इंग्लंडमधल्या लँकेशायरचा तरुण गणिती. केप्लरच्या कोष्टकांवरून त्याने हिशेब मांडला की १६५१ मध्ये बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल. पण त्या वेळी इंग्लंडात रात्र असेल. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांच्या वाटेने सुरतेला पोहोचला आणि ३ नोव्हेंबर १६५१ रोजी त्याने सूर्यावरचा तो काळा ठिपका पाहिला. बुधाचे असे अधिक्रमण त्याआधी फक्त एकदा, १६३१ मध्ये पॅरिसला गासेंडीने पाहिले होते. शिवरायांची सुरतेवरची पहिली स्वारी व्हायला तेव्हा अजून बारा वर्षे होती. शेकर्ली मायदेशी परतला नाही. काही वर्षांतच तो हिंदुस्थानात वारला.

त्याच तापीच्या काठाने वर यायला लागले की प्रकाशे, भुसावळ ओलांडून चांगदेवला पूर्णा येऊन मिळते. या संगमाच्या परिसरात मुक्ताईनगर तालुका आहे. जुन्या कागदपत्रांत त्याचे नाव एदलाबाद. याच भागातल्या मानेगावात १८४३ मध्ये आकाशातून एक दगड पडला. जळगावच्या मेहरूणपासून हे ठिकाण पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे. तो दगड कुठून आला हे कळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्या उत्तरावर शिक्कामोर्तब व्हायला आणखी चाळीस वर्षे लागली. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला, जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणी लागल्या, हबल दुर्बीण लागली आणि शेवटी एक अवकाशयान थेट त्या दगडाच्या घरी गेले.

यंत्रांच्या आधीचे आकाश

खानदेशाला आकाशाचा अभ्यास नवा नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला देणगी दिली, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी गावाने उत्पन्न लावून दिल्याचा हा पुरावा आहे आणि तो खानदेशच्या मातीत आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यातल्या यंत्राध्यायात शंकू, घटी, चक्र, चाप, फलक अशी वेध घेण्याची यंत्रे सांगितली आहेत. त्या सगळ्यांहून श्रेष्ठ म्हणून त्यांनी धीयंत्र सांगितले, म्हणजे बुद्धी हेच यंत्र. हातात साधी काठी असली तरी विचार करणारा माणूस तिच्या साहाय्याने उंची, अंतर, कोन काढू शकतो, असे त्यांचे म्हणणे. मानेगावच्या दगडाची पुढची कथा वाचताना हे धीयंत्र ध्यानात ठेवावे लागते, कारण दगडाला आपला पत्ता सांगता येत नाही. तो अनुमानानेच काढावा लागतो.

दगड आकाशातून पडतात?

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या बहुतेक विद्वानांचा यावर विश्वास नव्हता. शेतकरी सांगत की दगड पडला. विद्वान म्हणत की वीज पडून जमिनीतलाच दगड तापला असेल. १७९४ मध्ये क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे पुस्तकातून मांडले, तेव्हा त्याची टर उडवली गेली. १७९८ च्या डिसेंबरात बनारसजवळ क्राखूत येथे दगडांचा वर्षाव झाला. ते दगड इंग्लंडला गेले आणि एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्यांची इतर ठिकाणच्या अशनींशी तुलना केली. दूरदूरच्या देशांत पडलेले हे दगड एकमेकांसारखे होते, त्यांतल्या लोखंडात निकेल होते आणि आसपासच्या खडकांशी त्यांचे काही नाते नव्हते. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधल्या लेग्ल गावावर हजारो दगड कोसळले. बीओ या तरुण शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून साक्षी नोंदवल्या आणि वाद मिटला. शेतकरी खरे बोलत होते.

याच सुमारास दुर्बिणींनी आकाशात नवी मंडळी शोधली. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझीला सिसिलीतल्या पालेर्मो येथे सेरेस सापडला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यातला हा पहिला लघुग्रह. १८०२ मध्ये पॅलस आणि १८०४ मध्ये जुनो सापडला. पॅलस शोधणारा ओल्बर्स हा जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातला डॉक्टर. दिवसा रुग्ण तपासायचे आणि रात्री घराच्या माडीवरून दुर्बिणीने आकाश न्याहाळायचे, हा त्याचा क्रम. एखादा मोठा ग्रह फुटून हे तुकडे झाले असावेत, अशी त्याची कल्पना होती. ती पुढे चुकीची ठरली, पण त्या कल्पनेपायी तो आकाशाचे ठरावीक भाग वर्षानुवर्षे तपासत राहिला आणि २९ मार्च १८०७ रोजी त्याला कन्या राशीत चौथा लघुग्रह सापडला. कक्षेचे गणित करणाऱ्या गाउसने त्याला रोमन लोकांच्या चूलदेवतेचे नाव दिले: व्हेस्टा. सगळ्या लघुग्रहांत तो सर्वांत तेजस्वी. निरभ्र, काळोख्या रात्री, तो पृथ्वीजवळ असताना नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो.

१८४३: एदलाबाद परगणा

मानेगावात दगड पडला तेव्हा जगाला हे चारच लघुग्रह माहीत होते. पाचवा १८४५ मध्ये सापडायचा होता. खानदेशात कंपनी सरकारचा अंमल सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली होती आणि जिल्ह्याचे ठाणे धुळ्याला होते. रेल्वे नव्हती, भुसावळचे जंक्शन अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हते. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती आणि बाळशास्त्री जांभेकर १८४० पासून ‘दिग्दर्शन’ मासिकातून मराठी वाचकांना विज्ञान सांगत होते. तरी मुंबईतली ही ज्ञानाची हवा पूर्णाकाठच्या खेड्यापर्यंत पोहोचलेली नव्हती.

दिवस पावसाळ्याचे होते. अशनी हवेत शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दहा-वीस किलोमीटरांच्या घरात असतो. समोरची हवा दाबली जाऊन तापते, दगडाचा पृष्ठभाग वितळतो आणि तोफा डागल्यासारखे आवाज मैलोगणती ऐकू जातात. खाली येईपर्यंत त्याचा वेग हवेने खाऊन टाकलेला असतो आणि वितळलेल्या थराचे पातळ काळे कवच होते. मानेगावचा दगड मुळात ठिसूळ, तो फुटला. त्याचे थोडे तुकडे गोळा झाले आणि ते थेट कलकत्त्याला पोहोचले. तिथे हेन्री पिडिंग्टन हे आर्थिक भूशास्त्र संग्रहालयाचे अभिरक्षक होते. चक्रीवादळाला ‘सायक्लोन’ हे नाव देणारे ते हेच. त्यांनी तुकड्यांची तपासणी केली आणि १८४४ च्या बंगाल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वर्णन छापले. तेव्हापासून खानदेशातल्या एका खेड्याचे नाव जगाच्या अशनीसूचीत गेले, ते आजही आहे.

जगभरच्या संग्रहांत मिळून आज या अशनीचा जो भाग उरला आहे, तो मेहरूणच्या मूठभर बोरांपेक्षाही कमी जागेत मावेल. शास्त्राला तेवढा पुरला, कारण त्या तुकड्यांबरोबर गाव, परगणा आणि साल लिहून ठेवलेले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली

एक तुकडा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तिथल्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन यांनी अशनींच्या अभ्यासाची नवी रीत बसवली. दगडाची पारदर्शक होईल इतकी पातळ चकती घासायची, ती काचेवर चिकटवायची आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. साध्या डोळ्यांना करडा दिसणारा दगड त्या प्रकाशात वेगवेगळ्या रंगांच्या स्फटिकांत विभागला जातो आणि चकती फिरवली की प्रत्येक स्फटिक ठरावीक कोनात काळा पडतो. त्या कोनांवरून खनिज ओळखता येते.

१८७० मध्ये मॅस्केलिन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत ज्या अशनींच्या खनिजांवर निबंध प्रसिद्ध केला, त्यांत मानेगाव होते. मानेगावचा दगड जवळजवळ सगळा एकाच खनिजाचा निघाला: मॅग्नेशियम आणि लोह असलेले, फिक्या हिरवट-पिवळट छटेचे पायरॉक्सिन. बहुतेक अशनींत लोखंड-निकेलचे कण आणि गोल दाणे दिसतात. इथे गोल दाणे नव्हतेच. याचा अर्थ, हा दगड कधीतरी पूर्ण वितळलेल्या खडकातून, जमिनीखाली हळूहळू थंड होत तयार झाला होता. ज्याच्या पोटात खडक वितळतो असे जग छोटे-मोठे असेल, पण ते नुसत्या धुळीचे गाठोडे नसते. पुढे या जातीच्या अशनींना डायोजेनाइट म्हणू लागले. दगड आकाशातून येतात असे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगणाऱ्या डायोजेनिस या ग्रीक विचारवंताचे हे स्मारक.

त्या काळात भारतात पडलेल्या अशनींचे जगाच्या शास्त्रावर मोठे ऋण आहे. १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटी येथे पडलेल्या दगडात मॅस्केलिन यांचे नाव मिळालेली काच सापडली. तो दगड मंगळावरचा आहे हे विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. धुळे परिसरात भागूरलाही १८७७ मध्ये अशनी पडला. काही काळ धुळ्यात शिक्षक असलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी याच काळात ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. आकाशाविषयी मराठीत गंभीरपणे लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

प्रकाशातली खूण

मानेगावचा दगड कुठल्या जगाचा, हे मात्र शंभर वर्षे कुणाला सांगता आले नाही. दुर्बिणीतून लघुग्रह म्हणजे केवळ प्रकाशाचा ठिपका. मोठी दुर्बीण लावली तरी तो ठिपकाच राहतो. मार्ग निघाला तो त्या ठिपक्याच्या प्रकाशाची फोड करून.

लघुग्रहावरून परत येणारा प्रकाश मुळात सूर्याचाच असतो, पण पृष्ठभागावरची खनिजे त्यातल्या ठरावीक लहरी शोषून घेतात. पायरॉक्सिनमधले लोह डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात, ०.९ मायक्रोमीटरच्या आसपास, प्रकाश खाऊन टाकते. वर्णपटाच्या आलेखात तिथे खळगा पडतो. अपोलोच्या वर्षांत चंद्रावरच्या खडकांचा दुरून अंदाज घेण्यासाठी ही रीत विकसित झाली होती. १९७० मध्ये मॅकॉर्ड, अ‍ॅडम्स आणि जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी व्हेस्टाचा असा आलेख काढला. त्यात ०.९ मायक्रोमीटरजवळ खोल, ठसठशीत खळगा होता. प्रयोगशाळेत विशिष्ट बेसॉल्टी अशनींची पूड करून काढलेल्या आलेखाशी तो जुळला. त्याच अशनींच्या कुळात डायोजेनाइट येतात.

व्हेस्टाचा पृष्ठभाग बेसॉल्टचा आहे, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा. खानदेशच्या वाचकाला हा खडक नवा नाही. आपल्या पायांखाली तोच आहे. विहीर खणताना लागणारा काळा पाषाण आणि त्याची झीज होऊन बनलेली कापसाची, केळीची काळी जमीन ही त्याचीच रूपे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. व्हेस्टाचा सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वीचा, सूर्यमाला नुकती घडत होती तेव्हाचा. मानेगावात पडलेला दगड त्या लाव्हाच्याही खालच्या थरातला.

एक अडचण उरली. व्हेस्टावरून उडालेला तुकडा पृथ्वीकडे वळणार कसा? गुरूची सूर्याभोवती एक फेरी होते तेवढ्या काळात बरोबर तीन फेऱ्या होतील, अशी एक कक्षा लघुग्रहपट्ट्यात आहे. तिथे गेलेल्या वस्तूला गुरूचे हिसके पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बसतात, तिची कक्षा लांबट होते आणि ती आतल्या ग्रहांच्या वाटेवर येते. पण ही कक्षा व्हेस्टापासून बरीच दूर आहे. १९९३ मध्ये बिन्झेल आणि शू या खगोलशास्त्रज्ञांनी व्हेस्टा आणि त्या कक्षेच्या मधल्या पट्ट्यात व्हेस्टासारख्याच वर्णपटाचे वीस छोटे लघुग्रह दुर्बिणीने हेरले. तुकडे वाटेत रांगेने सापडले होते. मग ते उडाले कुठून, याचे उत्तर हबल दुर्बिणीने दिले. १९९६ मधल्या छायाचित्रांवरून व्हेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर सुमारे ४६० किलोमीटर रुंदीचे विवर आहे असे १९९७ मध्ये जाहीर झाले. व्हेस्टाचा व्यासच सुमारे ५२५ किलोमीटर. म्हणजे एका आघाताने त्या जगाचा तळ जवळजवळ खरवडून काढला होता.

दगडाच्या घरी

नासाचे डॉन यान २७ सप्टेंबर २००७ रोजी निघाले. त्याची इंजिने झेनॉन वायूचे आयन विजेने ढकलून चालत. त्यांचा रेटा अगदी मंद, पण तो महिनोन्महिने चालू राही आणि यान वेग घेत जाई. १६ जुलै २०११ रोजी ते व्हेस्टाच्या कक्षेत शिरले. जर्मन कॅमेरा, इटालियन वर्णपटमापक आणि अमेरिकेत बनवलेले गॅमा व न्यूट्रॉन मोजणारे उपकरण घेऊन त्याने वर्षभराहून अधिक काळ व्हेस्टाला प्रदक्षिणा घातल्या. काही महिने तर ते जेमतेम दोनशे किलोमीटर उंचीवर होते.

दक्षिणेचे विवर आता नकाशावर आले: रियासिल्व्हिया, सुमारे ५०० किलोमीटर रुंद, मध्ये वीस किलोमीटरांहून उंच शिखर. हा आघात साधारण शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. वर्णपटमापकाला या विवरात डायोजेनाइटसारखा खडक उघडा पडलेला दिसला. वरचा लाव्हा निघून खालचा थर बाहेर आला होता. गॅमा आणि न्यूट्रॉन मोजणाऱ्या उपकरणाने काढलेले पृष्ठभागावरचे मूलद्रव्यांचे प्रमाणही या कुळातल्या अशनींशी जुळले. ५ सप्टेंबर २०१२ रोजी डॉन व्हेस्टा सोडून सेरेसकडे निघाले. या जातीचे अशनी व्हेस्टाचे आहेत, या मतावर आता बहुतेक शास्त्रज्ञांचे एकमत आहे.

चंद्रावरून अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगड-माती आणली. व्हेस्टावरून माणसाने आजवर एक कणही आणलेला नाही. तिथले जे काही आपल्या हाती आहे, ते अशनींच्या रूपाने आपणहून आले आहे आणि त्यातला एक तुकडा खानदेशच्या शिवारात उतरला.

या सगळ्या शोधात कोट्यवधी डॉलरच्या यंत्रांइतकेच वजन १८४३ मधल्या त्या साध्या कामाला आहे: पडलेल्या दगडाचे तुकडे कुणीतरी उचलले, फेकून दिले नाहीत, ठिकाण लिहिले आणि तपासणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवले. ते झाले नसते तर मॅस्केलिनच्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेगाव आले नसते आणि डॉनने पाठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहायला आपला दगडही नसता. त्याच वेळी दगडाचा बराचसा भाग हरवला, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली मुक्ताईनगर आणि जळगावच्या शिक्षकांना: मुलांना लघुग्रह शिकवताना मानेगावचे नाव घ्या. आपल्या तालुक्यात व्हेस्टाचा तुकडा पडला हे कळलेले पोर आकाशाकडे वेगळ्या नजरेने बघेल आणि चाळीसगावच्या सहलीत पाटणचा शिलालेखही त्याला जवळचा वाटेल.

दुसरी सगळ्यांना. आकाशातून स्फोटासारखा आवाज होऊन दगड पडल्याचे कानी आले, तर तो फोडू नका, धुऊ नका, चुंबक लावू नका, वाटून घेऊ नका. पडल्या जागेचा फोटो काढा, वेळ लिहा, दगड स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातले अशनी सांभाळण्याची जबाबदारी त्यांची आहे आणि त्यांचा मोठा संग्रह कोलकात्यात आहे. पुढचा दगड कुठल्या जगाचा असेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण तो नीट जपला, तर आपल्या नातवंडांना ते नक्की कळेल.